लोखंडी जू

"लोहार कोन, मी का तू?" धर्मानं भात्याची दोरी सोडून विचारलं. "सकाळपासून मना शिकवतंस. तापव, वाकव, सरळ कर. आता हातोडा पन तूच घे ना!"

काळूरामनं खरंच हातोडा घेतला. धर्मा थट्टा करतोय हे त्याला कळत होतं, पण थट्टेला उत्तर द्यायची सवयच त्याची मोडली होती. मिठागरातल्या ढकलगाडीच्या रुळाचा एक तुकडा ऐरणीवर लाल होऊन पडला होता. त्याचं ट्रॅक्टरच्या मागं बसेल असं जू करायचं होतं, गाडी जुंपायला.

ट्रॅक्टरला जू कशाला, ते सांगायला हवं. रेवसच्या अलीकडचं हे खाडीकाठचं चाळीस घरांचं गाव. मातीचा लांबच लांब बांध घालून खाडीचं पाणी अडवायचं आणि आत भात पिकवायचं, ही इथली शेती. बांध घरटी वाटून दिलेला. आपल्या वाट्याचा तुकडा ज्यानं त्यानं राखायचा. तिथं बांध फुटला, की त्या खांडीला नाव त्या घराचं, आणि बुजवताना शेवटचा दगडही त्याच घरच्या जोडप्यानं ठेवायचा.

गेल्या श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या भर दुपारच्या उधाणाला, बांध फुटला तो काळूरामच्या वाट्यात. त्याचा बावीस वर्षांचा मुलगा चंदर चिखल-पेंढा घेऊन भगदाड बुजवायला उतरला आणि बांधाबरोबर गेला. चार दिवस होड्या फिरल्या, चंदर काही सापडला नाही. गाव त्या जागेला 'काळूरामची खांड' म्हणायला लागलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, रीतच तशी होती. पण रीतीला डोळे नसतात, नाहीतर तिनं एकदा तरी त्याच्या तोंडाकडं बघितलं असतं.

तेव्हापासून दिवसातून दोनदा खाडी शेतात येऊन जात होती. भात गेलं, पेंढा गेला. खायला घालणार काय म्हणून बैल डोंगराकडच्या सोयऱ्यांकडं पोचवले. नऊ महिने झाले, काळूराम रडला नव्हता. जेवायचा, झोपायचा, विचारलं तर हो-नाही करायचा. आत काही हलतच नव्हतं. बायको मैना मात्र रोज भरतीच्या वेळी खांडीच्या तोंडाशी जाऊन बसायची. काळूराम एकदाही तिच्याबरोबर गेला नाही.

आता वैशाखाची वद्य सप्तमी आली होती. अष्टमीच्या आसपास भरती अंग चोरते, त्याला भांग म्हणतात. भांगाच्या पाच-सहा दिवसांत खांड दगडांनी बुजली तर बुजली, नाहीतर अमावास्येचं उधाण सगळं धुऊन नेणार, आणि त्यामागं पावसाळा होताच. मिठागरवाल्या दिनानाथशेटनं मुंबईहून एक बुटकासा ट्रॅक्टर आणला होता, तो त्यानं गावाला वापरायला दिला, हरेश्वर ड्रायव्हरसकट. फक्त त्याला गाडी ओढायची सोय नव्हती. गावात दणकट गाडी काळूरामची. सुतारकी त्याच्या हातात होती, म्हणून काम त्याच्याकडं आलं.

दुपारपर्यंत जू तयार झालं. ट्रॅक्टरच्या पाठीला, ड्रायव्हरच्या बैठकीजवळ त्यानं ते बोल्टांनी आवळलं, गाडीची दांडी चढवली, जाड खिळा घातला. गाडी कशी सपाट उभी राहिली! धर्मा लांबून बघून म्हणाला, "झ्याक! जनू बैलच जुंपलंय."

दगड भरले. माणसं बांधाकडं निघाली. बांधावर चढायला मातीचा उतार केला होता, तिथं हरेश्वरनं जोर दिला, आणि ट्रॅक्टरची पुढची दोन्ही चाकं हळूहळू वर उठली. बायका किंचाळल्या. ट्रॅक्टर मागच्या चाकांवर उभा राहिला आणि गाडीच्या तोंडावर टेकून बंद पडला. हरेश्वरनं कधीच चिखलात उडी टाकली होती.

काळूराम दहा हातांवर उभा होता. माणूस मेला, असं त्याला वाटलं, आणि तेवढंच वाटलं. छातीत धस्स झालं नाही, पाय धावले नाहीत. आपण दगड झालोय हे त्याला त्या वेळी पहिल्यांदा कळलं.

हरेश्वर चिखलातून उठून त्याच्या अंगावर आला. "जीव घेतलास की माझा! एवढ्या उंचावर कुनी बांधतंय? मोजलास कशानं?"

काळूरामनं मोजलं होतं छातीनं. जन्मभर बैलाच्या खांद्याची उंची त्यानं आपल्या छातीला लावून धरली होती, तशीच आजही धरली.

"ह्ये काय खांद्यानं वडतंय व्हय?" हरेश्वरनं मागच्या चाकाच्या मध्यावर हात आपटला. "ह्या आसाच्या खाली बांध. वर बांधलंस की ओझं त्याला मागं उताणा पाडतंय."

"मग गाडी तोंडावर पडंल."

"पडू दे! गाडीची शोभा बघायची हाय का खांड बुजवायची हाय?"

संध्याकाळी काळूराम अंगणात रुळाचा दुसरा तुकडा घेऊन बसला. मैना भरतीवरून आली आणि उंबऱ्याशी थांबली.

"आवो, झालं ते बरं झालं," ती म्हणाली. "दुसरं करू नका."

त्यानं वर बघितलं.

"यायला त्याला तेवढीच वाट हाय. ती पन बुजवता?"

नऊ महिन्यांत ती हे पहिल्यांदा बोलली. काळूरामला काहीतरी वाटायला हवं होतं. "चाळीस घरं हायेत, मैना," एवढंच तो म्हणाला, आणि रुळावर खुणा करायला लागला. ती आत गेली. त्या दिवशी चूल पेटली नाही.

दुसरं जू आसाच्या खाली बसलं. गाडी तोंडावर वाकली, दगड पुढं घसरू नयेत म्हणून फळी ठोकावी लागली, आणि सगळ्या गावानं नावं ठेवली. पण ट्रॅक्टर उतार चढून गेला. चाकं जमिनीला धरून राहिली. मग पाच दिवस नुसती धांदल उडाली. ओहोटी लागली की गाडीमागून गाडी. खांड दोन्ही बाजूंनी मिटत आली. मैना एकदाही फिरकली नाही.

चतुर्दशीच्या सकाळी एक दगड बसेल एवढं तोंड उरलं. पलीकडं भरतीचं पाणी चढायला लागलं होतं.

"काळूदादा, ठेव बाबा," धर्मा म्हणाला. "पानी आयलंच."

"ती येऊ दे."

"आन् न्हाय आयली तर?"

काळूराम दगडाशेजारी उभा राहिला. बाया एकमेकींकडं बघत होत्या. हरेश्वरनं यंत्र बंद केलं. पाणी दगडांच्या फटीतून आत झिरपायला लागलं तेव्हा बांधावरून मैना येताना दिसली. ती खाली उतरली, वाकली आणि दगडाला दुसऱ्या बाजूनं हात लावला.

"उचला," ती म्हणाली.

दोघांनी तो दगड बसवला. बायकापोरांनी वरून चिखल लोटला. पाणी आलं, दगडांना टेकलं, हातभर चढलं आणि अडलं. शेतात शिरलं नाही. माणसं ओरडायला लागली, कुणीतरी नारळ फोडला.

मैना बांधावर खाडीकडं तोंड करून बसली. काळूरामला खोबरं द्यायला धर्मा हाका मारत होता, तिकडं न जाता तो तिच्याजवळ येऊन बसला. भरती पुरी झाली. बराच वेळ पाणी तसंच उभं होतं. मग हळूहळू उतरायला लागलं. त्याच्यावरून पेंढ्याच्या काड्या वाहत गेल्या, एक मोडकी टोपली गेली. दोघांची नजर त्या टोपलीमागं लांबवर गेली.

"आयला न्हाय तो," मैना म्हणाली.

"न्हाय," काळूराम म्हणाला. "तो आता यायचा न्हाय, मैना."

हे वाक्य नऊ महिने त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. ते निघालं आणि त्याला रडू फुटलं, सगळ्या गावासमोर, मोठ्यानं. मैनानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.