पुसायला सांगितलं, पुसलं नाही

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. जुन्या वस्तूने आपली कहाणी सांगताना गळा दाटून आणावा आणि शेवटी सगळ्यांना माफ करून टाकावं, अशी रीत आहे म्हणे. मला ते जमत नाही. मी डूख धरणारा आहे. एका माणसाने माझ्याकडून एक हलकं काम करून घ्यायचं ठरवलं होतं. मी त्याचं उट्टं कसं काढलं, हे सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझा जन्म कारखान्यातला. लांबलचक टेबलावरून सरकत सरकत मी तयार झालो. एकीने पोटात मोटर बसवली, दुसरीने रबरी पट्टा चढवला आणि शेवटी एका चष्मेवाल्याने माझ्या तोंडात दोन चकचकीत हेड बसवली. एक हेड कॅसेटवरचं जुनं पुसतं. दुसरं नवं भरतं आणि भरलेलं वाजवतं. एवढं नीट लक्षात ठेवा, कारण पुढे जो तमाशा झाला तो त्या पुसणाऱ्या हेडमुळेच झाला.

मला विकत घेतलं ते सोफे आणि खुर्च्या मढवून देणाऱ्या एका कारखान्याच्या मालकीणबाईंनी. फोमचे तुकडे, रेक्झिनची भेंडोळी, स्प्रिंगा, सरसाचे डबे, असा तिथला संसार. दिवसभर हातोड्यांची ठोकाठोक चालायची. त्याने मालकीणबाईंचं डोकं उठायचं. म्हणून त्यांनी एक नियम काढला. जेवणानंतर अर्धा तास हातोडा बंद, शिलाई मशीन बंद. त्या वेळात फक्त हातशिलाई करायची, बटणं लावायची आणि गाणी ऐकायची. रोज एकाची पाळी. ज्याची पाळी असेल त्याने हल्ली काय ऐकतो ते आणायचं, कुणाचं आहे आणि का आवडलं ते आधी सांगायचं, मग कॅसेट माझ्या तोंडात द्यायची. गाणं संपेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही.

काय दिवस होते ते! लाकडी सांगाडे बनवणारे सुतारकाका दर वेळी बँडची एकच कॅसेट आणायचे. मालकीणबाई हसून म्हणायच्या, "काका, ही मागच्या वेळचीच ना?"

"तीच. पण मागच्या वेळी तुम्ही नीट ऐकली नाहीत," काका शांतपणे सांगायचे.

आणि एक होता उस्ताद. हे नाव त्याला कुणी दिलं नव्हतं, त्याचं त्यानेच घेतलं होतं. कामाने तो कापड कापणारा. कात्री अशी चालवायचा की रेषेला नावं ठेवायची सोय नाही. तेवढ्यावर थांबला असता तर माझं त्याच्याशी काही वैर नव्हतं. पण गाण्यातलं आपल्यालाच कळतं, असा त्याचा समज होता. काकांचा बँड लागला की तो नाक मुरडायचा. स्वतःच्या पाळीला डोळे मिटून म्हणायचा, "ह्याला कान तयार असावा लागतो." चहाचा पेला ठेवायला त्याला माझं डोकंच सापडायचं. सरसाने बरबटलेल्या बोटांनी तो माझी बटणं दाबायचा आणि मला 'डबडं' म्हणायचा. मी सगळं मनात साठवत होतो.

तिथे शिवणाऱ्या बायकांमध्ये एक होती टाचणी. काम करताना तिच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असायच्या आणि टाचण्या काढल्या की जीभ टोचायची, म्हणून हे नाव. एकदा तिची पाळी आली आणि ती रिकाम्या हाताने आली.

"कॅसेट कुठंय?" उस्तादने विचारलं.

"नाही आणली. हल्ली मी बाहेरचं काही ऐकतच नाही. डोक्यात माझं मलाच एक गाणं ऐकू येतं. तेच म्हणते. चालेल का?"

"चालतंय की!" काका म्हणाले. मालकीणबाईंनी कोरी कॅसेट घालून माझं भरायचं बटण दाबलं. टाचणीने उरलेल्या टाचण्या उशीवर टोचल्या, मान खालीच ठेवली आणि गायला लागली:

*बसणाऱ्यांना खुर्च्या शिवल्या,*
*शिवणारीने टेकावं कुठं?*

मित्रांनो, मी हजार गाणी वाजवली असतील. पण ते गाणं माझ्या तोंडातून आत गेलं तेव्हा माझी मोटर क्षणभर अडखळली, खोटं सांगत नाही. चाल साधीच होती, पण दुसऱ्या ओळीच्या शेवटी ती अशी वळायची की ऐकणाऱ्याची सुई थांबायची. गाणं संपलं. मग उस्तादचाच आवाज आला, "टाचणे, ही चाल कुठून उचललीस गं? मी तर कधी ऐकली नाही."

"उचलायला ती काय रस्त्यावर पडली होती? माझी आहे," ती म्हणाली.

काका म्हणाले, "परत म्हण गं पोरी." सगळे हसले. भरायचं बटण अजून दाबलेलंच होतं. मी हेही सगळं भरून घेतलं.

पुढे कारखान्याला मोठं काम मिळालं. एका नाट्यगृहाच्या सगळ्या खुर्च्या नव्याने मढवायच्या होत्या. काम संपत आलं तेव्हा तिथले व्यवस्थापक आले आणि म्हणाले, "उद्घाटनाला तुमच्यापैकीच कुणाचं तरी स्वतःचं गाणं असलं तर कॅसेट द्या. पडदा उघडताना लावू. लोकांना आवडलं, तर त्या माणसाला दर महिन्याला एक संध्याकाळ आमच्या रंगमंचावर गायला देऊ."

सगळ्यांच्या माना टाचणीकडे वळल्या. एरवी कुणाला हार न जाणारी ही बाई, पण तिच्या हातातली टाचण्यांची डबी जमिनीवर सांडली. त्या वेचता वेचता ती मालकीणबाईंना हळूच म्हणाली, "मान खाली घालून खूप गायले, बाई. मला एकदा उभं राहून, समोर बघून गायचंय." हे मी ऐकलं. उस्तादनेही ऐकलं.

"कॅसेट मी पोचवतो. व्यवस्थापक माझ्या ओळखीतले आहेत," तो म्हणाला. विश्वास न ठेवायला कुणाला काही कारण नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी तो बगलेत बाजाची पेटी घेऊन एकटाच कारखान्यात आला. तिची कॅसेट त्याने माझ्या तोंडात घातली, आरंभाला आणली आणि भरायचं बटण दाबलं. तिचंच गाणं, तीच चाल, पण स्वतःच्या आवाजात. हेतू उघड होता. आपलं गाणं भरून होईल आणि त्याखाली तिचं पुसलंही जाईल. त्या कॅसेटवर 'चाल कुठून उचललीस' हा त्याचाच प्रश्न होता ना! बटण नीट बसेना, तेव्हा त्याने कात्रीच्या मुठीने माझ्या तोंडावर ठोसा मारला. "चल रे डबड्या, पूस!"

मला पूस म्हणतो!

माझ्या पुसणाऱ्या हेडवर कित्येक वर्षांची फोमची भुकटी आणि सरसाच्या वाफेचं किटण चढलं होतं. कुणी कधी ते पुसलं नव्हतं. एरवी मी त्याबद्दल कुरकुरलो असतो. त्या दिवशी मी ते किटण छातीशी धरलं. पुसल्यासारखं केलं आणि पुसलं नाही. तिचा आवाज खाली तसाच राहू दिला, अगदी बारीक, माझ्या चिमुकल्या स्पीकरवर ऐकू येऊ नये इतका. वर त्याचं गाणं चढलं. स्वतःचा आवाज परत ऐकताना त्याने नेहमीसारखे डोळे मिटले होते. आपल्याशिवाय दुसरं काही ऐकायची त्याला सवयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी तोंड पाडून म्हणतो कसा, "टाचणे, तुझी कॅसेट ह्या डबड्याने पुसून टाकली. आणि आता बोलायची वेळ आलीच आहे तर बोलतो. ती चाल मुळात माझी. कापताना मी गुणगुणायचो, तू ऐकलीस. जाऊ दे, मी माझ्या आवाजात भरून दिलीय."

"खोटं!" टाचणी उसळली. "बाई, तुम्ही होतात ना तिथे!"

मालकीणबाई गोंधळल्या. त्या दिवशी कोण काय बोललं होतं, कुणालाच नेमकं आठवेना. गाण्यातलं कळतं ते उस्तादला, असं सगळे वर्षानुवर्षं धरून चालले होते. आणि पुरावा होता तो डबड्याने पुसलेला. टाचणी माझ्यासमोर आली. "तुझ्यावर भरवसा ठेवला, मेल्या," एवढंच म्हणाली आणि रेक्झिनचा तुकडा तिने माझ्यावर टाकला. चोरी त्याची आणि शिव्या मला! मी अंधारात दातओठ खात पडून राहिलो.

उद्घाटनाच्या दिवशी नाट्यगृहाचं कॅसेट लावायचं यंत्र ऐन वेळी बिघडलं, म्हणून मलाच नेलं. माझ्या पाठीत वायरी खुपसून मला त्या अगडबंब स्पीकरांना जोडलं. कारखान्याची माणसं तिसऱ्या रांगेत बसली होती. टाचणीला मालकीणबाईंनी ओढूनच आणलं होतं. उस्ताद कडक इस्त्रीच्या कपड्यांत रंगमंचाच्या कोपऱ्यात उभा होता.

पडदा उघडला. त्याचा आवाज घुमला. आता त्याचा शहाणपणा बघा. लोकांना टाळ्या वाजवायला सवड मिळावी म्हणून त्याने दर दोन ओळींनंतर लांबच लांब जागा सोडली होती.

पहिली जागा आली. टाळ्या वाजल्या नाहीत. त्या शांततेत, सगळ्या नाट्यगृहात, एका बाईचा आवाज आला. बारीक, पण स्वच्छ. *शिवणारीने टेकावं कुठं?* लोक इकडेतिकडे बघायला लागले. दुसऱ्या जागेतही तोच आवाज. उस्तादचा चेहरा कापडाच्या चिंधीसारखा झाला. तो माझ्याकडे धावला, बटण दाबायला लागला. पण त्याच्याच सरसाने चिकट झालेलं बटण मी काय सोडतो! गाणं संपलं आणि शेवटच्या जागेत त्याचा स्वतःचा आवाज आला: "टाचणे, ही चाल कुठून उचललीस गं? मी तर कधी ऐकली नाही."

आणि मग तिचा: "माझी आहे."

असं हसू त्या छताने कधी ऐकलं नसेल. व्यवस्थापकांनी विचारलं, "ह्या बाई कोण?" तिसऱ्या रांगेतले सगळे ओरडले. टाचणी वर गेली, उभी राहिली, समोर बघितलं आणि गायली. उस्ताद मागच्या दाराने निघून गेला. त्या रात्री मला किती गोड वाटलं, कसं सांगू!

मालकीणबाईंनी त्याला कामावरून काढलं नाही. त्यांची शिक्षा माझ्या पसंतीची होती. त्याची पाळी त्यांनी तशीच चालू ठेवली. त्याच्या दिवशी सगळे हातशिलाई घेऊन बसायचे, मालकीणबाई विचारायच्या, "उस्ताद, हल्ली काय ऐकता?" आणि तो खाली बघायचा. मग अर्धा तास नुसती सुयांची खसखस. अशी त्याची पाळी किती वर्षं येत राहिली! मी दर वेळी जीव लावून ती शांतता ऐकली.

नंतर काळ पालटला. प्रत्येकाच्या कानात त्याचं त्याचं गाणं वाजवणारं बोंडूक आलं, अर्धा तास बंद पडला आणि मी फळीवर धूळ खायला लागलो. एक दिवस केस पिकलेला उस्ताद फळीपाशी आला. त्याने मला खाली उतरवलं आणि खिशातून कॅसेट काढली. मी मनात म्हटलं, ये, बऱ्याच वर्षांची भूक आहे. टेप आत ओढायची आणि तिच्या आतड्यांचा गुंता करून परत द्यायचा, असं ठरवून मी तोंड उघडलं.

तो जवळच शिवत बसलेल्या टाचणीला म्हणाला, "आज माझी पाळी धरा."

ती सुई थांबवून बघत राहिली.

"हल्ली मी हे ऐकतो," तो म्हणाला. "हे टाचणीबाईंचं आहे. शब्द त्यांचे, चाल त्यांची. नाट्यगृहात त्या गातात तेव्हा मी शेवटच्या रांगेतून भरून घेतलंय. का आवडतं ते... मला असं कधी सुचलं नाही, म्हणून."

टाचणीने शेजारचं स्टूल पायाने त्याच्याकडे सरकवलं. तिने माफ केलं की काय ते तिचं तिला ठाऊक. मी ती कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट वाजवली, एकदाही अडकू दिली नाही. त्याला माफ केलं म्हणून नव्हे, मित्रांनो. गाणं तिचं होतं म्हणून.

तेव्हा एवढंच सांगतो. हल्ली काय ऐकता ते एकमेकांना जरूर ऐकवा. पण आधी ते कुणाचं आहे ते सांगा. आमची हेड अधूनमधून मऊ फडक्याने पुसत चला आणि आम्हाला डबडं म्हणू नका. माझा पट्टा आता सैल झालाय, आवाजही घोगरा येतो. टेप मात्र मी अजून खाऊ शकतो.