कमलम्माचा खुबा आणि भावाचं धपाटं

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं त्या उन्हाळ्यात उदगीरच्या कमलम्मा टँकरमागं घागर घेऊन पळाल्या आणि खुब्याचं हाड मोडून बसल्या. लातूरच्या दवाखान्यात आणल्यापासून त्या नुसत्या सलाइनवर होत्या. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय त्या पाण्याचा घोटही घेत नसत. पूजा बसूनच करायची आणि बसवायला गेलं की अशी किंकाळी फोडायच्या की खालचा वॉचमन वर यायचा.

सून जगदेवीला एकच घोर होता, ऑपरेशन आजच व्हायला हवं. दवाखान्याच्या टाकीत दुपारपुरतंच पाणी होतं आणि पुढचं कधी येईल ते कुणी सांगेना. म्हातारं माणूस असंच पडून राहिलं तर छातीत कफ धरतो, हे तिला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

सकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरबाई मशीन घेऊन आल्या. "आजी, जांघेत एक सुई देते. खुब्याच्या नसा बधिर होतील, ऑपरेशनपर्यंत दुखणार नाही. शुद्ध जाणार नाही."

"बधिरच करायचंय तर हिची जीभ करा," कमलम्मा सुनेकडं बघून म्हणाल्या.

अर्ध्या तासात त्यांचा चेहरा बदलला. "कुठं गेलं गं दुखणं?" त्यांनी विचारलं आणि पाठोपाठ हुकूम सोडला, "बसवा मला." पलंगाची डोक्याकडची बाजू उचलली. कपाळाला विभूती लावून त्यांनी लिंग हातात घेतलं. जगदेवीला भरून आलं. औषधं आणायला ती निवांत मनानं खाली उतरली.

तेवढ्यात कमलम्मांचा भाऊ वीरण्णा भेटायला आला. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून कलेक्टर कचेरीवर मोर्चा आला होता, त्यात तो पुढारी. बहिणीची पूजा उरकलेली बघून त्यानं घरून आणलेल्या धपाट्यांचं फडकं तिच्यापुढं सोडलं. जगदेवी परतली तेव्हा अर्धं धपाटं पोटात गेलं होतं.

"मामा, काय केलंत हो हे!"

"काय केलं? पलंगाला पाटी हाय, 'उपाशी ठेवणे'. लातूरवाले आपल्या माणसाला उपाशीच ठेवणार. म्हणून तर जिल्हा मागायलोय."

जगदेवीनं कपाळाला हात लावला. इतके दिवस सगळे कमलम्मांना खा म्हणून विनवत होते. पूजेनंतरही खायचं नाही, हे सांगायचं तिलाच सुचलं नव्हतं.

"अन् आपरेशन कशाला आता?" कमलम्मा म्हणाल्या. "हाड जुळलं की. काय बी दुखंना."

गलका ऐकून आलेल्या डॉक्टरबाईंनी उरलेलं धपाटं काढून घेतलं. "आजी, दुखणं थांबलंय, हाड मोडलेलंच आहे. उचला बरं पाय."

कमलम्मांनी जोर केला. पाय शेजारणीचा असल्यासारखा पडून राहिला. त्यांनी तो निरखला. "माझाच हाय न्हवं?"

"तुमचाच. पण पोटात अन्न गेलं, आता सहा तास थांबायचं. तोवर टाकीत हात धुवायलाही पाणी राहणार नाही."

जगदेवी मामांकडं वळली. "मोर्च्याच्या लोकांला पाणी कुठलं?"

"आमचं सोताचं! टँकर आणलाय. लातूरचं पाणी पिणार व्हय आम्ही?"

"तो इथं आणा."

"पोरी, ते जिल्ह्याच्या मागणीचं पाणी हाय! लोक उन्हात बसलेत."

"वीरण्णा," कमलम्मा शांतपणे म्हणाल्या, "जिल्हा उद्या माग. धपाटं तू चारलंस."

उन्हं उतरता उतरता टँकर फाटकात आला. त्याच्या पाठीवर 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे' असं लिहिलेलं होतं. गल्लीतले लातूरकर घागरी घेऊन धावले. जगदेवीनं पाइप धरून ठेवला. "आधी दवाखाना. उरलं तर तुम्हाला." टाकी भरून थोडं उरलं, तेव्हा वीरण्णानं अट घातली की आधी घोषणा द्यायची. लातूरकरांनी घागरी पुढं करून उदगीर जिल्ह्याच्या नावानं असा आवाज काढला, की तसा मोर्च्यातही निघाला नव्हता.

दिवेलागणीनंतर डॉक्टरबाई बाहेर आल्या. मास्क उतरवला तरी त्यांचं हसू थांबेना.

"झालं व्यवस्थित. कमरेखालीच भूल दिली होती, त्यामुळे सगळं ऐकत होत्या. हातोडीचा आवाज आला तर विचारतात, सुतार कुठला? मी म्हटलं, लातूरचा. तर म्हणाल्या, 'मग बघून मार म्हणावं.'"

जगदेवीला हसू आलं आणि हसता हसता ती भिंतीला टेकून रडायलाच लागली. वीरण्णा मात्र गंभीर होता.

"काय वावगं बोलली?" तो म्हणाला.