खिशातली दुसरी मूठ

सकाळपासून माझं बूड एका जागी टिकत नव्हतं. तीन कप कॉफी झाली, लोणी लावलेला पाव तसाच राहिला. बायको, गेर्लिंडे, वैतागली.

"एकार्ट, बस की जरा! खुर्चीला काय खिळे आहेत?"

शहात्तराव्या वर्षी परीक्षा द्यायची म्हणजे काय चेष्टा आहे? म्युझियममधल्या जुन्या ट्राम चालवणाऱ्या आम्हा हौशी लोकांना दर वसंतात ती द्यावी लागते. माझ्या वयाचा नापास झाला की संपलं, पुन्हा संधी नाही. मग रविवारी काय करू, टोमॅटोला पाणी घालू?

परीक्षक होती विब्के. मी शहराच्या ट्रामवर नोकरीला होतो तेव्हा तिला ट्राम चालवायला मीच शिकवलं. एरवी मला "ए म्हाताऱ्या" म्हणते. आज आडनावाने हाक मारून म्हणाली, "श्रीयुत टिम, सुरू करा तुम्ही."

गाडी माझी लाडकी, दोनशे अठरा नंबरची. तिला दोन्ही टोकांना चालकाची जागा, पण दिशा ठरवणारी पितळी मूठ एकच. ती बसवल्याशिवाय गाडी हलत नाही. जागेवरून उठलात की मूठ काढून सोबत न्यायची, नाहीतर मागे कुणीही ती फिरवेल. हा नियम मी चाळीस वर्षं नवशिक्यांच्या डोक्यात हाणला.

माझ्या कोटाच्या खिशात मात्र तशीच आणखी एक मूठ असते. नोकरीच्या शेवटच्या दिवशी गुपचूप उचललेली. आमच्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांकडे सापडेल. जीव घाबरला की मी ती चाचपत बसतो.

गाडी झकास चालवली. वळणावर वेग बरोबर, ब्रेक लोण्यासारखा. शेवटच्या थांब्यावर हँडब्रेक आवळला, गाडीतून चालत दुसऱ्या टोकाला आलो, खिशातून मूठ काढून बसवली.

"थांबा," विब्के म्हणाली. ती पहिल्या टोकाला गेली आणि परत आली. तिच्या हातात म्युझियमची मूठ होती.

अरे देवा! मी ती तिथेच विसरलो होतो. खिशात हात घातला, पितळ लागलं, आणि मला वाटलं सगळं ठीक आहे.

विब्केने परीक्षेचा कागद मिटला. "मी काही बघितलं नाही. चल, पुन्हा कर."

क्षणभर वाटलं, घ्यावं पदरात. बाहेर थांब्यावर एक बाई लेकीला कडेवर घेऊन गाडी दाखवत होती.

"मी तुला असं सोडलं असतं का?" मी विचारलं.

"तू? मेलास तरी नाही."

"मग लिही."

तिने ‘नापास’ लिहिलं. मी माझी मूठ काढून तिच्या हातावर ठेवली. "हीसुद्धा जमा कर. हिच्यामुळेच घोळ झाला."

परतताना गाडी तिने चालवली. मी मागे उभा राहून निघायच्या घंटेची दोरी ओढली. गाडी हलली तसा जीव पुन्हा कासावीस झाला. सवयीने हात खिशात गेला, आणि खिसा रिकामा होता.