शेजार : दहापैकी शून्य

न्हाव्याने कात्री हातात घेतली, खुर्चीभोवती एक पूर्ण फेरी मारली आणि कात्री परत खणात ठेवून दिली.

"भाऊ, कापू तरी काय?"

"थोडे बारीक करा."

"बारीकच आहेत. परवा मीच केलेत. त्याआधी मंगळवारीही मीच."

भाच्याने आरशात पाहिलं. बारा दिवसांतली ही चौथी खेप. पहिल्या खेपेनंतर तो नुकत्याच भरती झालेल्या शिपायासारखा दिसत होता, दुसऱ्या खेपेनंतर आजारातून उठल्यासारखा आणि तिसऱ्या खेपेनंतर त्याच आजारात परत पडल्यासारखा.

"मग मालिश करा," तो म्हणाला.

दोष आत्याच्या पद्धतीचा होता. आत्या इमारती घ्यायची आणि हा तिचा भाचा बारा दिवसांपासून तिच्या हाताखाली होता. ही दुमजली इमारत विकायला निघाली होती. खाली न्हावी, शिंपी आणि इस्त्रीवाली यांची तीन दुकानं, वर चार बिऱ्हाडं आणि एक रिकामी खोली, जिची किल्ली आणि भाडेकरू बघायचं काम मालकाने न्हाव्याकडे दिलं होतं. आत्याने इमारत घेतली की नेहमीचा क्रम ठरलेला असे : आधी दुकानं रिकामी, मग बिऱ्हाडं, मग रंग, मग नवे भाडेकरू. अहवाल नीट जमला तर भाचा भागीदार.

"कागदपत्रं वकील बघेल," आत्याने सांगितलं होतं. "तू वस्ती बघ. आणि वस्ती बघायची तर न्हाव्याकडे जाऊन बसायचं. तिथं कुणी खोटं बोलत नाही. मानेवर वस्तरा असतो."

वस्तरा बोलणाऱ्याच्या मानेवर असतो की ऐकणाऱ्याच्या, एवढं आत्याने पाहिलं नव्हतं.

आत्याची अकरा घरं होती आणि ती नेहमी त्यांतल्या सर्वांत वाईट घरात राहायची. चांगलं घर भाड्याने जातं. जे जात नाही त्यात आत्या दोन ट्रंका आणि एक आरामखुर्ची घेऊन दाखल व्हायची. त्यालाही भाडेकरू मिळाला की ट्रंका पुढच्या घरी. वीस वर्षांत तिला एकाही शेजाऱ्याचं नाव पाठ झालं नव्हतं, कारण पाठ होईपर्यंत भाडेकरू मिळायचा.

तिच्या छापील तक्त्यात पाच रकाने होते. पाणी, गटार, भिंती, आवाज, शेजार. प्रत्येकाला दहापैकी गुण. पहिल्या दिवशी भाच्याने दाढीच्या फेसातून विचारलं होतं, "पाण्याला दाब कसा आहे इथं?" आणि न्हाव्याने न बोलता बेसिनकडे बोट दाखवलं होतं. बेसिनमध्ये झुरळ होतं. गटाराचा वास दारातूनच येत होता. आणि रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला शिंपी आणि इस्त्रीवाली भर गल्लीत भांडायचे.

अडचण एवढीच होती की चौथ्या दिवसापासून भाचा त्या भांडणासाठी लवकर यायला लागला होता. भांडण संपलं की उगाच रेंगाळायचा. एकदा शिंप्याने त्याला न विचारता त्याच्या शर्टाचं लोंबणारं बटण लावून दिलं. तिसऱ्या कटिंगनंतर तो वाऱ्याने शिंकला, तेव्हा इस्त्रीवालीने नुकतीच इस्त्री केलेली गरमगरम कानटोपी त्याच्या डोक्यावर चढवली.

"संध्याकाळी परत आण हं बाळा," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाची आहे."

आजही सात वाजले. न्हाव्याची बोटं भाच्याच्या टाळूवर फिरत होती. बाहेर सुरुवात झाली.

"तुझ्या मशीनच्या खडखडाटाने माझे कान गेले!"

"कान गेले, मग जीभ कशी मागे राहिली?"

भाचा सुखाने हसला. हे वाक्य त्याला फार आवडायचं.

"अरे, या इमारतीत माणसानं राहावं का?" इस्त्रीवाली ओरडली.

उत्तर आलं नाही.

"मी म्हणते, या इमारतीत माणसानं राहावं का?"

आरशात शिंप्याचा चेहरा दिसत होता, फळ्यासमोर उभ्या केलेल्या विद्यार्थ्यासारखा. न्हाव्याने मालिश न थांबवता, मान वर न करता, हळूच म्हटलं, "भिंतीला ओल..."

"हां! भिंतीला ओल, छताला भेगा!" शिंपी गरजला.

भाच्याच्या डोक्यावरची बोटं थांबली. आरशात दोघांची नजरानजर झाली.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?" भाच्याने विचारलं.

"पहिल्याच दिवशी कळलं. दाढी करताना पाण्याचा दाब कोण विचारतं, भाऊ?"

"पण झुरळ तर खरं होतं."

"रबरी आहे," न्हावी ओशाळून म्हणाला. "इमारत विकायला निघाल्यापासून नवा माणूस दिसला की बेसिनमध्ये टाकतो. आत्ता खणात आहे. दाखवू?"

"आणि गटार?"

"कुजका कोबी. बादलीत ठेवतो दाराआड. त्याचा फार व्याप होतो. रोज ताजा कुजका मिळत नाही." मग त्याने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "अठ्ठावीस वर्षं ही इथं आहे. बोल्ट मारून बसवलीय. काढायला गेलं तर फरशीसकट निघेल."

भाच्याने पिशवीतून तक्ता काढला, मांडीवर ठेवला आणि भरायला घेतला. पाणी, शून्य. गटार, शून्य. भिंती, शून्य. आवाज, शून्य. शेजारपाशी पेन अडलं. बाहेर इस्त्रीवाली शिंप्याच्या शर्टाची कॉलर सरळ करत त्याला शिव्या घालत होती. त्याने तिथंही शून्य लिहिलं आणि ते पुन्हा एकदा गिरवलं.

"उद्या आत्या स्वतः येणार आहे," तो उठत म्हणाला. "साडेसहाला. सातपर्यंत ती थांबणार नाही, भांडण अलीकडे घ्या. आणि शिंपीकाकांना म्हणावं, तळहातावर लिहून ठेवा."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला आत्या भाच्याबरोबर न्हाव्याच्या दुकानासमोर उभी होती. भांडण वेळेवर सुरू झालं. कान गेले, जीभ मागे राहिली. इस्त्रीवालीने राहावं का, म्हणून विचारलं आणि शिंप्याने तळहात पाहिला. शाई घामाने फिसकटली होती.

"भिंतीला... वेल!" तो ओरडला. "छताला भेगा!"

"वेल कुठली मेल्या, ओल!"

"तेच ते!"

इस्त्रीवालीने पुढच्या वाक्यासाठी श्वास घेतला आणि तिची नजर आत्याकडे गेली.

"अगंबाई, किती वेळ उभ्या आहेत त्या. स्टूल दे रे."

शिंपी लगबगीने आत गेला, स्टूल आणलं, बाहीने पुसलं, आत्याला बसवलं. मग पुन्हा आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

"कुठवर आलो होतो?"

"छताला भेगा," आत्या म्हणाली.

"हां. छताला भेगा!"

आत्याने भांडण शेवटपर्यंत ऐकलं. स्टूल स्वतः नेऊन दिलं. मग आत्या आणि भाचा दोघं कोपऱ्याकडे चालायला लागली. तिने तक्ता उघडला.

"सगळीकडे शून्य."

"हो."

"ज्या इमारतीचा जिना माझ्यादेखत पडला, तिलाही मी दोन दिले होते."

"ही त्याहून वाईट आहे, आत्या."

"शेजाराचं शून्य पुन्हा गिरवलंस."

"शेजार फारच वाईट आहे."

आत्याने त्याच्या डोक्याकडे पाहिलं. तिथं पाहण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. तिने तक्त्याची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

"नाही घ्यायची ही इमारत."

"बरं." भाच्याने चेहरा सरळ ठेवला. "आणि भागीदारीचं..."

"असल्या अहवालावर देतं का कुणी भागीदारी?"

"नाही देत."

दोघं कोपऱ्यावर पोचली. मग आत्या थांबली.

"वरची रिकामी खोली. ती भाड्याने जात नसेल ना?"

"इतक्या वाईट ठिकाणी कोण येणार राहायला?"

"तेच म्हणतेय. जिथं कुणी येत नाही तिथंच मी राहते." तिने पर्सचा चाप उगाच दोनदा उघडबंद केला. "विचारून ये त्यांना. दोन ट्रंका आहेत म्हणावं. आणि एक आरामखुर्ची. मी थांबते इथं."

भाचा जवळजवळ धावतच परत गेला. न्हावी बादली घेऊन दारात उभा होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग कोपऱ्यावर उभ्या असलेल्या त्या बाईकडे बराच वेळ पाहिलं.

"चालेल," तो म्हणाला. "कोबी मात्र ठेवावा लागेल. आज ना उद्या दुसरं गिऱ्हाईक येईलच इमारतीला."

"ठेवा. आणि आत्याने विचारलंय..." भाचा किंचित अडखळला, कारण आत्याने हे विचारलं नव्हतं. "ते भांडण रोज किती वाजता असतं?"

"सातला." न्हाव्याने बादली दाराआड नीट सरकवली. "पण त्यांना सोयीचं पडत असेल तर साडेसहाच कायम करू."