पाचोळ्याच्या पोटात

मी पाचोळ्याचा ढीग बोलतोय. जरा हळू या, माझ्या पोटात कुणीतरी झोपलंय.

आत्ताआत्तापर्यंत मी झाडावर होतो, हिरवागार, वाऱ्याशी गप्पा छाटत. मग एकेक पान करत खाली आलो. घरच्या काकांनी, जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाने, मला दाताळ्याने ओढून लाकडी कुंपणाला टेकवलं. तिथे छान ऊन यायचं. सारखी डुलकी लागायची आणि स्वप्न एकच पडायचं: धूर होऊन मी पुन्हा शेंड्यापर्यंत चाललोय.

थंडी पडली तसं काकूंचं कासव हळूच माझ्यात शिरलं. आम्ही दोघंही झोपेत. घरात मात्र शोधाशोध. काकूंनी पलंगाखाली पाहिलं, पिंपामागे पाहिलं, रोज पायरीवर कोबीचं पान ठेवलं.

"गेलं असेल कुठेतरी. पुरे आता," काका म्हणायचे.

"आपली लेक लहान होती तेव्हापासून घरात आहे ते. असं कसं जाईल?" काकू डोळे पुसायच्या. मला त्यांची फार दया यायची.

एका सकाळी काका काडेपेटी घेऊन आले. ओला पाला नको, प्लास्टिक नको, रॉकेलचं तर नावच नको, असे ते नियमाचे पक्के. शेजारणीचे कपडे दोरीवर नाहीत ना, ते पाहिलं. बोट ओलं करून वाऱ्याचा अंदाज घेतला. दोन बादल्या पाणी भरून ठेवलं आणि काडी ओढली.

आलं माझं स्वप्न! पण पोटातलं ते गार, जड ओझं आठवलं आणि माझी पाचावर धारण बसली. ओरडणार कसा? मला नुसतं सळसळता येतं.

"अहो, कुंपणाला लागून पेटवताय? मोकळ्यावर न्या आधी!" स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकू ओरडल्या.

"नेतो गं! तुझं आपलं काहीतरी असतंच." काडी बादलीत विझली. कुरकुरत त्यांनी दाताळं घातलं, ते कशाला तरी खट्कन लागलं.

काका गुडघ्यांवर बसले. कासव उचलून त्यांनी घड्याळासारखं कानाशी धरलं. कासवाचं डोकं कवचात जरासं हललं. मग काकांनी ते दोन्ही हातांत धरून खिडकीशी, काकूंपुढे नेलं.

माझा मोठा भाग मोकळ्या जागेत जळून गेला. राख गार होईपर्यंत काका जागचे हलले नाहीत. उरलेला मी एका खोक्यात, कासवावर पांघरूण होऊन पडलोय. धूर व्हायचं राहिलं, राहू दे.

तुमच्याही अंगणात माझा एखादा भाऊ असेल. काडी ओढण्याआधी त्याला एकदा हलवून बघा. आम्हाला हाक मारता येत नाही हो.