बुटकीचा परवाना

बुटकीला पिस्तुलाचा परवाना मिळाला, हे दादाला कळलं तेव्हा तो एका मोटरसायकलचं इंजिन खोलून बसला होता. बुटकी आपली गाडी गॅरेजच्या दारातच उभी करून धावत आत आली आणि एक छोटं निळं पुस्तक त्याच्या तोंडासमोर नाचवायला लागली.

"दादा, झालं! सही झाली!"

"बघू."

त्याचे हात ग्रीसने माखलेले होते, म्हणून तिनेच पानं उलटून दाखवली. नाव, फोटो, पिस्तुलाचा नंबर, आणि शेवटच्या पानावर शिक्का: स्वतःच्या दुचाकीवरून नेण्यास परवानगी.

"छान झालं," म्हणत त्याने परत इंजिनात डोकं घातलं. पण हातातला पाना कुठे लावायचा तेच त्याला आठवेना.

खरं तर त्या घरात नेमबाजी आणली ती दादानेच. दर रविवारी सकाळी तो गावाबाहेरच्या रेंजवर जायचा आणि शाळकरी बहिणीला मागच्या सीटवर बसवून न्यायचा. तिचे पाय फुटरेस्टला धड पोचत नसत. म्हणून तिचं नाव बुटकी पडलं. रेंजचं पिस्तूल कसं धरायचं, श्वास कधी रोखायचा, सगळं त्याने शिकवलं. तिसऱ्याच वर्षी ती त्याच्या पुढे गेली. तेव्हा त्याला अभिमान वाटला होता. निदान तो तसं म्हणायचा.

स्वतःच्या पिस्तुलाच्या परवान्यासाठी त्याने पाच वर्षांपूर्वी अर्ज केला होता. पण त्याच सुमारास एका गिऱ्हाइकाने गॅरेजमध्ये आईवरून शिवी दिली आणि दादाने हातातला पाना फेकून मारला. माणूस थोडक्यात बचावला, प्रकरण आपसात मिटलं, पण पोलिसांच्या कागदावर राहिलं. अर्ज परत आला तेव्हा त्यावर तीनच शब्द होते: अर्जदार तापट स्वभावाचा. त्यानंतर त्याने रेंज सोडली. कुणी विचारलं तर म्हणायचा, "गॅरेजमधून सवड कुठे मिळते?"

बुटकी आता सव्वीस वर्षांची होती. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. दिवसभर केसाच्या जाडीचे हिशेब, त्यामुळे हात स्थिर. नेमबाजी सोडणाऱ्या एका बाईंचं पिस्तूल तिने घेतलं होतं, आणि मोटरसायकलही आता तिची स्वतःची होती.

"दादा, एक काम आहे," ती म्हणाली. "गाडीवर बसवायला पेटी हवी. बनवशील?"

"बाजारात मिळतात की."

"तुझ्या हातची हवी."

तिला नियम सांगायची गरज नव्हती. ते त्याला तिच्यापेक्षा जास्त पाठ होते. पिस्तूल रिकामं, कुलूपबंद पेटीत. काडतुसं वेगळ्या डब्यात. अस्सल परवाना अंगावर. घर ते रेंज सरळ जायचं, वाटेत कुठे थांबायचं नाही. पोलिसांनी अडवलं तर आधी इंजिन बंद, हात दिसतील असे ठेवायचे आणि स्वतःहून सांगायचं. स्वतःला परवाना मिळणार म्हणून त्याने हे सगळं घोकलं होतं. पेटीचं चित्रसुद्धा काढून ठेवलं होतं, मापांसकट. तो कागद त्याने खणातून काढला आणि त्यावरूनच पत्रा कापला.

चार दिवस तो त्या पेटीला चिकटून होता. आत जाड फोम पिस्तुलाच्या आकारात कोरला. कॅरिअरला पेटी जखडणारे बोल्ट आतल्या बाजूने बसवले, वर फोम दाबला, म्हणजे कुलूप उघडल्याशिवाय पेटी निघणार नाही आणि बघणाऱ्याला बोल्ट दिसणारही नाहीत. त्याच्या बायकोने एकदा पेटीवरून हात फिरवला.

"किती सुरेख झालीय हो! स्वतःची असल्यासारखी बनवलीत."

तो तिच्या अंगावर खेकसला. ती बघतच राहिली.

रेंजवर संघाची निवड चाचणी शनिवारी सुरू होणार होती. आदल्या दिवशी त्याने बुटकीला सहज म्हणून सांगितलं, "उद्या येताना स्पेअरपार्टच्या दुकानातून क्लचप्लेट घेऊन ये. वाटेवरच आहे."

"नाही जमणार, दादा. हत्यार बरोबर असताना मधे थांबता येत नाही. घरी येऊन परत जाईन."

ती सरळ मनाने बोलली होती. पण आपलाच नियम आपल्याला ऐकवते, हे त्याला झोंबलं. हत्यार म्हणे! कालपर्यंत माझ्या पाठीला धरून बसायची!

शनिवारी सकाळी ती त्याच्या गॅरेजसमोरून गेली. हात उंचावला, हसली. पेटी उन्हात चकाकत होती. शेजारच्या टायरवाल्याने विचारलं, "तुमची बहीण ना? पिस्तूल चालवते म्हणे. मोठीच झाली की!" दादाने मान हलवली. पाच मिनिटं त्याने एकच नट सोडवून परत आवळला. मग उठून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेला, माझ्या मोबाइलची बॅटरी गेलीय म्हणाला, आणि त्यांच्या फोनवरून पोलिसांना सांगितलं: एक बाई मोटरसायकलवरून भरलेलं पिस्तूल घेऊन चाललीय. गाडीचा रंग आणि रस्ता सांगितला. कोण बोलतंय, असं पलीकडून विचारलं तेव्हा घाईघाईत म्हणाला, "नीट बघा, पेटी आतून बोल्ट केलेली आहे," आणि फोन ठेवला.

ठेवल्याबरोबर तो गॅरेजमध्ये परत धावला. दुरुस्त केलेली एक गाडी काढून तो रेंजच्या वाटेवरच्या नाक्याकडे निघाला. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

नाक्यावर गर्दी जमली होती. मधोमध बुटकी उभी होती, दोन्ही हात हँडलवर, इंजिन बंद. समोर चार पोलीस, एकाचा हात कमरेच्या पट्ट्यावर. दादा गर्दीच्या मागे थांबला. तिचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला.

"साहेब, माझ्याकडे परवान्याचं पिस्तूल आहे. मागच्या पेटीत, रिकामं. काडतुसं पाठीवरच्या पिशवीत, वेगळ्या डब्यात. परवाना जाकिटाच्या आतल्या खिशात आहे. तुम्ही सांगाल तेव्हा काढते."

आवाज जराही कापला नाही. आपण असतो तर? दादाने स्वतःला तिच्या जागी उभं करून पाहिलं. चार पोलीस, लोकांचे मोबाइल रोखलेले, कुणीतरी "पकडा, पकडा" म्हणतंय. आपण दुसऱ्याच वाक्याला आवाज चढवला असता. आणि हे कळल्यावर त्याला तिचा आणखीनच हेवा वाटला.

फौजदाराने कागद पाहिले. सगळं चोख होतं. पण तक्रार आली म्हटल्यावर ठाण्यात नेऊन नंबर पडताळणं भाग होतं. त्यात पावणेदोन तास गेले. बुटकी रेंजवर पोचली तेव्हा तिची फेरी होऊन गेली होती.

दुपारी ती गॅरेजमध्ये आली, पिस्तूल घरी कपाटात ठेवून. हेल्मेट काढून बाकावर बसली. दादा पुसलेलंच पुन्हा पुसत होता.

"काय गं? झाली का चाचणी?"

"फोन तू केलास ना?"

दादाने फडकं खाली ठेवलं.

"फौजदार म्हणाले, फोनवाल्याला पेटीचे बोल्टसुद्धा माहीत होते. ते बोल्ट आपण दोघांनीच पाहिलेत, दादा."

"मला..." तो म्हणाला. "तुझं बघवेना मला. परवाना आला त्या दिवसापासून. त्याच्याही आधीपासून."

"ठाऊक होतं मला. मी काय आंधळी आहे? पेटी म्हणून तर तुला करायला दिली. म्हटलं, तुझा हात लागला की तुलाही थोडी आपली वाटेल." ती उठली. तोवर कोरडे असलेले डोळे आता भरले. "लोक मोबाइलवर माझं शूटिंग करत होते रे. एक म्हातारी मुलाला मागे ओढत होती, मी त्याला मारेन म्हणून."

ती गेली. दादा बाकावर बसून राहिला. बायको डबा घेऊन आली, तिला त्याने सगळं सांगितलं. तिने डबा ठेवला आणि न जेवताच परत निघाली. दारात थांबून एवढंच म्हणाली, "अहो, पण ती चाचणी दोन दिवसांची असते ना?"

तो तसाच उठून ठाण्यात गेला. फौजदारासमोर उभा राहून म्हणाला, "सकाळचा खोटा फोन माझा होता. तिची काही चूक नव्हती. मला काय करायचं ते करा, पण तिला उशीर का झाला ते लिहून द्या."

फौजदाराने त्याला खालीवर पाहिलं. "खोटी खबर दिल्याचा गुन्हा लागेल. पुढे कधी परवाना मागायचा विचार असेल तर तो सोडा."

"सोडला," तो म्हणाला. तो शब्द तोंडातून काढताना त्याला दाढ उपटल्यासारखं वाटलं.

फौजदाराने लिहून दिलेली चिठ्ठी तो स्वतः रेंजच्या सचिवांना देऊन आला. रविवारच्या शेवटच्या फेरीत बुटकीला जागा मिळाली. तिने त्याला बोलावलं नाही आणि तोही गेला नाही. संध्याकाळी बायकोच्या फोनवर बुटकीचा निरोप आला: सहाशेपैकी पाचशे एकसष्ट, निवड झाली.

बायकोने वाचून दाखवलं आणि नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. त्याला कधी पाचशे वीसच्या वर जाता आलं नव्हतं. पहिल्यांदा मनात आलं ते तेच. हेवा होता तिथेच होता. थोड्या वेळाने त्याने हात पुढे केला. "दे इकडे फोन."

पलीकडे बुटकीने उचलला, पण बोलली नाही.

"शेवटच्या दहा गोळ्या कशा गेल्या?" त्याने विचारलं.



"आठवी वाईट गेली," ती म्हणाली. "घाई केली."

"हं," दादा म्हणाला. "सांग."