पहिला, चौथा, सातवा, दहावा

मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे आणि जरा खडूसही आहे. टोकियोतल्या हिगाशी-कसाईच्या वसाहतीत पन्नासहून जास्त वर्षं वर-खाली करतेय, पण थांबते फक्त पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यावर. बाकीच्यांनी जिना वापरायचा. नकाशा काढणारे साहेब म्हणाले होते, "लोक चालतील, व्हरांड्यात भेटतील, बोलतील. नवं शहर असंच घडेल." दुसऱ्या महायुद्धानंतर सगळं नव्यानं उभं राहत होतं, त्यामुळे मलाही ते पटलं. प्रत्यक्षात लोक मान खाली घालून चालत आणि घरात शिरून दार लावून घेत.

दोन हजार चार साली सहाव्या मजल्यावर पुण्याचे लक्ष्मीकांत आणि सिंधू राहायला आले. तो योकोहामाला सॉफ्टवेअरच्या कामाला जायचा. तिला नववा महिना लागला होता. शेजारी मोरिताआजी राहायच्या. आमच्याकडे सूचनांची फाईल घरोघर फिरते. वाचायची, सही करायची आणि पुढच्या दारात ठेवायची. आजींकडून आलेली फाईल लक्ष्मीकांतनं ऑफिसला निघताना माझ्यातच उघडली. सगळं जपानीत. "कचऱ्याचंच असेल काहीतरी," सोबत आलेल्या सिंधूला असं म्हणत तो उभ्याउभ्या सही ठोकून मोकळा झाला.

त्यात लिहिलं होतं, गुरुवारी लिफ्टची तपासणी, दहा ते चार बंद. कुणाची अडचण असेल तर आधी कळवावं.

गुरुवारी अकरा वाजता मी तळाशी उघडी पडले होते. मिस्त्री माझे स्क्रू काढून बसला होता. वर सातव्यावर कुणीतरी बटण दाबत सुटलं. मग सिंधूचा फोनवरचा आवाज खाली आला, "अहो, लिफ्ट येत नाहीये. पाणी गेलंय माझं. खाली कशी जाऊ?"

मला रडू येईल असं वाटलं. आजींनी रुग्णवाहिका बोलावली, पण स्ट्रेचर जिन्याच्या अरुंद वळणावर अडकला. आजी धापा टाकत खाली आल्या.

"वीस मिनिटं लागतील," मिस्त्री म्हणाला.

"दहात कर," आजी म्हणाल्या आणि स्वतः टॉर्च धरून उभ्या राहिल्या. वरून सिंधूचं कण्हणं ऐकू येत होतं.

बाराव्या मिनिटाला मी निघाले. रुग्णवाहिकेच्या जवानांनी तिला खुर्चीवर बसवून आत आणलं. आजन्म गचके देणारी मी, त्या दिवशी एकही दिला नाही. अर्ध्या तासात मुलगी झाली. दोघी सुखरूप.

चार दिवसांनी माझ्यातच लक्ष्मीकांत आजींपुढे कमरेत वाकला. "मोरिता-सान, चूक माझी. न वाचता सही केली."

आजीही वाकल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला वाचता येत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी फाईल नुसती दारात ठेवून आले."

मित्रांनो, माझी काळजी घ्यायला मिस्त्री आहे, त्याची तारीखही ठरलेली आहे. शेजाऱ्याची काळजी तुम्हालाच घ्यावी लागेल. फाईल दारात ठेवून जाऊ नका. बेल वाजवा आणि दार उघडेपर्यंत थांबा.